कोनमापक न वापरता दिलेल्या कोनाएवढाच कोन कसा काढायचा?

तुमची मुलगी कंपास-पट्टीने कोन उतरवते, पण कोनमापक लावला की दर वेळी दोन-तीन अंशांचा फरक दिसतो. चुकतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी शिकवण्या घेतो आणि हीच चूक दर वर्षी वह्यांमध्ये बघतो.

दिलेला कोन ∠अबक समजा. बाजूला पफ हा किरण काढा. कंपासचं टोक ब वर ठेवून दोन्ही भुजांना छेदणारा कंस मारा. भुजा बक वर म आणि बअ वर न हे बिंदू मिळतील. आता कंपास तसाच उचला, जराही हलू देऊ नका, आणि प वरून तसाच कंस मारा. तो किरणाला र मध्ये छेदेल. यानंतरच कंपासमधलं अंतर बदलायचं: टोक म वर, पेन्सिल न वर. तेवढ्याच अंतराने र वरून छोटा कंस मारा. दोन कंस मिळतात तिथे स. पस जोडला की कोन तयार.

मुलं घाई करून मन हे अंतर आधीच घेतात आणि मग प वरचा कंस काढायला जातात. तोवर पहिली त्रिज्या हातची गेलेली असते. मोठे दोन्ही कंस आधी, हे तिच्याकडून पक्कं करून घ्या. कंपासचा स्क्रू सैल आहे का, तेही बघा.

दुसरं कारण त्रिज्येचं. 60° चा कोन 2 सेंमी त्रिज्येने उतरवताना मन अंतरात 1 मिमी चुकलं, तर तीन अंशांहून जास्त फरक पडतो. त्रिज्या 8 सेंमी घेतली तर तीच चूक एका अंशाच्या आत राहते. वहीत जागा असेल तेवढा मोठा कंस घेऊ द्या.

हे का जमतं, तेही तिला दाखवाच. बम = पर, बन = पस, मन = रस. एकेका बाजूवर बोट ठेवून तिलाच म्हणू द्या. बाबाबा (बाजू-बाजू-बाजू, म्हणजे तिन्ही बाजू समान) कसोटीने त्रिकोण बमन आणि परस एकरूप, म्हणून कोनही एकरूप. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या भागातलं 23वं विधान हेच आहे, आणि त्यासाठी लागणारी ही कसोटी तिथे 8व्या विधानात येते.

कोन 150° सारखा मोठा असेल तर कंस फार तिरपे छेदतात आणि स नेमका सापडत नाही. अशा वेळी मी एक भुजा मागे वाढवून शेजारचा लहान कोन उतरवायला सांगतो; नव्या आकृतीत किरण मागे वाढवला की मोठा कोन आपोआप मिळतो.