मी कुठं बिडी ओढते, ताई?

चोपडा तालुक्यातली ही बाई पाचव्या महिन्यात माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वजन वाढेना म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. तंबाखूचं विचारलं तर म्हणाली, "मी कुठं बिडी ओढते, ताई? बिडी त्यांची. मी नुसती मशेरी लावते." सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, शेतातून आल्यावर, करमत नसलं की मधेही. बोलताना हिरडीवरचा काळा थर दिसत होता. मग हळूच म्हणाली, "मना बाळले काही व्हई का? पाच महिने तर गेले, आता सोडून काय उपयोग?"

खानदेशात हा प्रश्न मला सारखा भेटतो. बाया ओढत नाहीत, म्हणून त्यांना तंबाखूचं कुणी विचारतच नाही. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि वारेतून बाळात उतरतं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचं पोषण कमी पडतं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळंही जास्त होती. त्याच अभ्यासातल्या बायकांवरचा पुढचा अहवाल २००६ साली आला, त्यात मृत बाळंही जास्त आढळली. त्यावर हिच्या घरात बिडीचा धूर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो.

तरीही पाचवा महिना म्हणजे उशीर नव्हे. बाळाचं वजन खरं भरतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. हे मी तिला दोनदा सांगितलं.

सोबत सासूबाई होत्या. "मी चारही बाळंतपणं मशेरीवरच काढली," त्या म्हणाल्या. वाद घातला नाही. बाळांची वजनं विचारली. घरीच बाळंतपण, वजन कोण करणार! मग सुनेला विचारलं, सोडली तर अडेल कुठं? मान खाली घालून म्हणाली, "परसाकडे साफ होत नाही."

गाठ इथं होती. लोहाच्या गोळ्यांनीही पोट जड होतं, ते डॉक्टरांना सांगून औषध घेतलं. पाणी, पालेभाजी वाढवली. आधी दुपारची मशेरी बंद, तलफ आली की बडीशेप. सकाळची सगळ्यात शेवटी. नवऱ्याला बोलावून १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवणारा मोफत नंबर लावून दिला.

आठव्या महिन्यात तिची सकाळचीही सुटली. त्यांची बिडी सुटली नाही, पण घराबाहेर गेली. बाळंतपणानंतरची भेट मी आत्ताच ठरवून ठेवलीय, कारण मशेरी पुन्हा धरली तर निकोटिन दुधातूनही जातं.