बारमाही कपाट: आधी कापड पाण्यातून काढा, फॅशनचं मागाहून

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून नोकरीसाठी ठाण्याला आलात, हातमागाच्या प्रदर्शनातून हौसेनं सुती कापडं घेतली, दोन कुर्ते शिवून घेतले आणि दोन धुण्यांत ते गुडघ्याच्या वर गेले. बाह्या मनगट सोडून मागे सरकल्या. शिवून देणाऱ्यांनी हात वर केले. उरलेल्या कपड्यांना पावसाळ्यात कपाटातच बुरशी आली. आता १५ हजारांत प्रत्येक ऋतूला चालेल आणि जुनाट दिसणार नाही असं कपाट नव्यानं लावायचंय. यातलं जवळजवळ सगळं मला ओळखीचं आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे. कुठला रंग कशाशी जातो, ऑफिसात काय चालतं, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडतात, तर कोरं कापड तसंच शिवायला देण्यात. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ओढून घट्ट बांधलेला असतो. नंतर खळ (कांजी) देऊन, रंगवून, दाबून कापड पुन्हा लांबीत ताणलं जातं. पहिल्यांदा नीट भिजलं की सूत फुगतं, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येतं. ताण ताण्याच्या दिशेनं जास्त असल्यामुळे पन्ह्यापेक्षा (रुंदीपेक्षा) लांबीत जास्त आटतं. म्हणून तुमचे कुर्ते अंगात बसतात पण उंचीला गेले. हिशेब करून बघा: ४२ इंची कुर्ता ५ टक्के आटला तर ४० उरतो, १८ इंची बाही १७ वर येते. साध्या गिरणीच्या सुती कापडाला ३ ते ५ टक्के धरावेत, खादी आणि जाड हातमागाला त्याहून जास्त, रेयॉनचा भरवसा नाही.

म्हणून २.५ मीटर लागणार असेल तर २.७५ घ्या. कापड घरी आलं की एका कोपऱ्यात, किनारीपासून ४ बोटं आत, उभे ५० सेंटिमीटर आणि आडवे ५० सेंटिमीटर मोजून वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं खुणेचे टाके घाला. बादलीत साधं पाणी घ्या, घडी मोकळी करून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी गढूळ दिसेल, ती खळ असते. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. पिळायचं नाही. सावलीत वाळत घालताना एका टोकाला धरून उभं लोंबकळत ठेवू नका. ओल्या कापडाचं वजनच त्याला परत ताणतं आणि आटणं लपून राहतं, ते मग शिवल्यावर बाहेर येतं. दोरीवर मधोमध टाका किंवा चटईवर पसरा. थोडं दमट असतानाच इस्त्री करा आणि इस्त्री ओढत नेऊ नका, उचलून दाबा. मग खुणा मोजा. ५० चे ४८ झाले तर ४ टक्के. ४ च्या वर आकडा आला तर तेच कापड पुन्हा एकदा भिजवा आणि दुसऱ्यांदा मोजा. माप हललं नाही म्हणजे ते शिवायला तयार.

एक अट लक्षात ठेवा: पुढे जसं धुणार तसंच आधी धुवायचं. मशीनमध्ये कोमट पाण्यात धुण्याची सवय असेल तर थंड पाण्यात भिजवून उपयोग नाही.

इथपर्यंत बरेच जण येतात. खरा घोटाळा याच्या पुढे होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही वरचं कापड भिजवून दिलंत, पण अस्तर शिंप्याच्या दुकानातलं, तागा उघडून तसंच कापलेलं. पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, मग कुर्त्याचा खालचा घेर आत वळतो आणि पोटाशी फुगा येतो. गळ्याची पायपिंग (काठाचा बारीक गोट) आणि सुती लेस यांचंही तेच, गळा गोळा होतो. सुती पट्टीची चेन असेल तर ती आटते आणि शेजारचं कापड चुणतं. कॉलरच्या बकरमात (आत घालायच्या कडक कापडात) हवेचे फुगे धरतात. म्हणून अस्तर, पायपिंगचं कापड, लेस, नाडी, सगळं एकाच बादलीत. अस्तर स्वतः घेऊन द्या, सुतीच घ्या, आणि रंग जाणारं असेल तर वेगळं भिजवा. चिकटवायचं बकरम या बादलीत घालू नका. तिथे दर्जेदार घ्यायला सांगा किंवा कॉलरऐवजी पट्टीचा गळा करा.

चंदेरी, टसर, टिश्यू, जरीचं काहीही, लोकर आणि मखमल यांना हा नियम लावू नका. खळ आणि तकाकी गेली की चंदेरीचं पोत जातं. अशा कापडाला शिवण्याआधी वाफेची इस्त्री करून घ्या, माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) जास्त ठेवा आणि पुढे ड्रायक्लीनच करा.

रंगाचंही सांगून टाकते. अजरख, कलमकारी किंवा निळीचं कापड घेताना दुकानातच पांढरा रुमाल ओला करून उलट्या बाजूवर घासा. रुमालावर गडद डाग आला तर ते नेहमी वेगळंच धुवायला लागेल. घरी मिठात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. तयार कापडावरचा रंग त्यानं पक्का होत नाही. जास्तीचा रंग साध्या पाण्यानं निघून जाऊ द्यायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

आता तुमच्या त्या शिवून देणाऱ्यांबद्दल. "आमच्याकडे सगळं कापड आधी धुतलं जातं" असं सांगून नुसतं पाणी शिंपडून इस्त्री फिरवणारी ठिकाणं आहेत. कपडा आटला की "तुम्ही गरम पाण्यात घातलं असणार" म्हणून मोकळे होतात. मलाही असंच एक ठिकाण भेटलं होतं आणि त्याचा राग अजून आहे, कारण दोष कापडाचा नसतो, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेले असतात. यापुढे बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कापडाचा प्रकार, "धुऊन शिवले" हे शब्द, आणि तयार कपड्याची उंची, छाती, बाही. घरी आणल्यावर न धुता टेप लावून फोटो काढा. धुतल्यावर पुन्हा फोटो. एवढं असलं की बोलायला जागा राहते.

मी वकील नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल परत घेऊन किंवा सदोष सेवा मागे घेऊन पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणंही त्यातच येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कित्येकदा तेवढ्यानं मार्ग निघतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन कुर्त्यांसाठी इतकं करायचं का, हे तुम्ही ठरवा. मी हेल्पलाइनपर्यंत नक्की जाईन.

त्या दोन कुर्त्यांना पॅच लावून उंची वाढवू नका. ४ इंच आणखी कापून ते आखूड कुर्ते करा, कापलेल्या पट्टीतून बाहीला जोड द्या. सैल पँटवर आखूड कुर्ता सध्या चांगला दिसतो.

फॅशनचा मुद्दा इथेच येतो. वर्षागणिक बदलतं काय? कुर्त्याची उंची, बाहीची लांबी, पँटचा घेर. कापड, वीण, नक्षी फारशी बदलत नाही. म्हणजे कपाट ताजं ठेवायचा सोपा मार्ग दोन जागी आहे: शिवणीतली माया आणि खालची पँट. कुर्त्याला खाली २.५ ते ३ इंच दुमड, बाहीला २ इंच, बाजूंना एकेक इंच माया मागा. शिंपी अर्धाच इंच ठेवतात, कारण कापड वाचतं आणि ओव्हरलॉक (कडा मशीननं बंद करणं) सोपं जातं, म्हणून कापण्याआधी बजावून सांगा. मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या) वळणावर मात्र अर्धा इंचच ठेवा, तिथे जास्त माया राहिली की काखेत ओढ बसते. पारदर्शक मलमलीत बाजूची रुंद माया बाहेरून दिसते, तिथे फक्त खालची दुमड. दुमड उसवायची तर कपडा फार जुना व्हायच्या आत उसवा, नाहीतर जुन्या घडीवर फिकट रेघ राहते. ती पायपिंगनं झाकावी लागते. सुती कापडावरची सुईची भोकं एका धुण्यात मिटतात, रेशमावरची मिटत नाहीत.

पँट चार पुरतात: पांढरट, काळी, एक मातकट रंगाची आणि एक या वर्षीच्या घेराची. यातली शेवटची स्वस्तातली घ्या, दोन वर्षांत ती बदलणारच आहे. उंची नेहमीच्या चपला घालून मोजा. चुडीदारवर जुना वाटणारा कुर्ता सरळ, घोट्याशी थांबणाऱ्या पँटवर घालून बघा, बराचसा प्रश्न सुटेल. को-ऑर्ड सेटबद्दल (एकाच कापडाच्या वर-खालच्या जोडीबद्दल) माझं मत स्पष्ट आहे: वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या कपड्यांवर घालता येत नसेल तर घेऊ नका.

ऋतूंचं म्हणाल तर नागपूरची सवय ठाण्यात चालत नाही. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, तिथे पूर्ण बाहीचं पातळ सुती अंगाला ऊन लागू देत नाही. ठाण्यात घाम वाळतच नाही, म्हणून कपडा अंगापासून सुटा हवा: पातळ मलमल, कॅम्ब्रिक किंवा लिनन, पाऊण बाही, मुंढा सैल. मे महिन्यात माहेरी जाताना जुने नागपुरी कुर्ते न्या. पावसाळ्यासाठी रेयॉन घेऊ नका असं मी ठामपणे सांगेन. ते पाणी पितं, जड होतं आणि ओलं असताना कमजोर पडतं, शिवणीशी फाटतं. जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे, गडद किंवा छापील, ३८ इंचाच्या आतले तीन कुर्ते आणि पटकन वाळणाऱ्या घोट्याच्या वरच्या दोन पँट जून ते सप्टेंबर पुरतात. थंडी ठाण्यात नावालाच, खरी थंडी ऑफिसच्या एसीची. तिथे एक बिनबाह्यांचं खादी किंवा टसर जॅकेट आणि एक शाल बास. स्वेटर नागपूरच्या घरी राहू द्या, डिसेंबर-जानेवारीत तिथेच लागतो.

बुरशीचं कारण बहुतेक खळच आहे. कांजी केलेले सुती कपडे पावसाळ्यात ठेवले की बुरशीला आणि कसरीला (कापड खाणाऱ्या किड्याला) खाद्य मिळतं. मेअखेर सगळ्यांची खळ धुऊन काढा, कडक वाळवा आणि बिनकांजीचेच ठेवा. इस्त्री केलेला कपडा गरम असताना कपाटात गेला तर वाफ आतच राहते, अर्धा तास बाहेर ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ३ ते ४ इंच पुढे ओढा. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, जुन्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून वरच्या कप्प्यात ठेवा, जरीला टेकू देऊ नका, ती काळी पडते. जरीच्या साड्यांच्या घड्या दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर त्याच घडीवर चिरतात. बुरशी आलेलीच असेल तर आधी घराबाहेर कोरड्या ब्रशनं झटका, मग पाण्यात पाव हिस्सा पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, धुवा, उन्हात वाळवा. रेशमाला हे करू नका.

१५ हजार एकदम खर्चू नका. जवळपास ८ हजार उन्हाळ्याच्या तोंडावर, ३ पावसाळ्याच्या कपड्यांना, उरलेले दिवाळीनंतर जॅकेट-शालीला. तुमच्याकडचे भाव थोडे इकडेतिकडे असतील. कापड दादरच्या हिंदमाता भागात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये बघा, पन्हा विचारूनच मीटर ठरवा, कारण ३६ इंच पन्ह्याला ४४ पेक्षा बरंच जास्त कापड लागतं. पितृपक्षात बरेच लोक नवीन खरेदी टाळतात, दुकानात निवांत बघता येतं. शिवायला मात्र गणपतीच्या आधीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात देऊ नका. त्या गर्दीत माया कापली जाते आणि अस्तर न भिजवताच लागतं. फेब्रुवारीत द्या, आधी एकच कुर्ता. तो दोनदा धुऊन माप टिकलं तरच बाकीची कापडं त्याच शिंप्याकडे.