जाड तारा घेण्यापूर्वी

थेट बाराच्या संचाकडे (सर्वात बारीक तार इंचाच्या 12 सहस्रांश जाडीची) वळण्याआधी गिटार कोणत्या ट्यूनिंगमध्ये लावणार आहात, हे आधी ठरवा. 25.5 इंच स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) गिटारवर 10–46 चा संच (सर्वात बारीक व सर्वात जाड तारेची जाडी) नेहमीच्या ई ट्यूनिंगला उत्तम चालतो. मात्र तोच ड्रॉप सीमध्ये (सहावी, सर्वात जाड तार ई वरून सी पर्यंत आणि बाकीच्या एक स्वर खाली) उतरवला, की सहावी तार सैल पडून फ्रेटवर खडखडते आणि पिक जोरात लागताच तिचा सूर क्षणभर वर चढतो. तिथे एर्नी बॉलचा 12–56 किंवा डॅडारिओचा 12–54 संच योग्य ठरतो, आणि 24.75 इंच स्केल असेल तर मी 12–56 कडे झुकेन. ब्रँडचा फरक मला जाडीच्या फरकाहून गौण वाटतो.

ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा वापरत असे सांगितले जाते, पण ते आपली गिटार अर्धा स्वर खाली लावत, म्हणजे तारांचा ताण कमी होई, हेही लक्षात ठेवावे.

जाड तारा चढवल्यावर मान पुढे वाकते, म्हणून ट्रस रॉड (मानेतील वाक जुळवणारी धातूची सळई) तपासा. नटच्या (मानेच्या टोकाची तारा धरणारी पट्टी) खाचेत तार अडकून सूर लावताना ‘टिक’ असा आवाज आला, तर खाच जाणकाराकडून रुंद करून घ्या. फ्लोटिंग ट्रेमोलो (स्प्रिंगांवर तोललेला, हलणारा ब्रिज) असल्यास मागच्या स्प्रिंगांचा ताणही वाढवावा लागेल, आणि शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणे) नव्याने जुळवावे लागेल.