पुढच्या आणि डाव्या भिंतीमधली रेघच गायब? आधी फाइल बघा

तुम्ही लिहिलंय की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घराच्या मॉडेलच्या नॉर्मल पासवर (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते प्रत्येक पिक्सेलला आकड्यांत सांगणारी प्रतिमा) सोबेल (कडा शोधणारा फिल्टर) लावलं, छपराच्या कडा छान उमटल्या, पण पुढची आणि डावी भिंत मिळते तिथली उभी रेघ काही केल्या येत नाही. या रेघेनं एका वाड्याच्या मॉडेलवर माझे आठ दिवस खाल्ले होते, म्हणून लिहायला बसलो.

नोड, म्हणजे प्रतिमेवर एकेक प्रक्रिया करणारे ठोकळे, जोडणं तुम्हाला येतंच. मला एवढंच सांगा, पास पीएनजीत सेव्ह करून परत आत घेतलाय का?

नॉर्मलचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे उणे १ ते अधिक १ असतात आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या जागी साठवले जातात. पीएनजीत उणे आकडा मावत नाही, त्याचा शून्य होतो. ब्लेंडरमध्ये समोरची बाजू उणे वायकडे, डावी उणे एक्सकडे. म्हणजे दोन्ही भिंती ठार काळ्या, मग सोबेलला फरक दिसणार कुठून? छपराचं तोंड अधिक झेडकडे, ते निळं राहतं, म्हणून तिथली रेघ सापडते.

मी मात्र नोडच बदलत बसलो. प्रेविट झालं, किर्श झालं, दोन्ही सोबेलसारखेच फिल्टर. थ्रेशोल्ड (किती फरकाला रेघ मानायचं ती मर्यादा) खाली आणला तर विटांच्या बंपवर (पृष्ठभागावरच्या उंचसखलपणाच्या आभासावर) रेघांचं जाळं उठलं. ८ बिटचं पीएनजी १६ बिट केलं, पण उणे आकडा तिथेही मावत नाही.

खरा मनस्ताप दिला तो पैसे घेऊन रेंडर करून देणाऱ्या एका सेवेनं. मी मल्टिलेयर ईएक्सआर (सगळे पास उणे आकड्यांसकट एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) मागितलं होतं, त्यांनी जागा वाचवायला परस्पर पीएनजी केलं. पाच मेल केले, पाचही वेळा उत्तर एकच: 'सर्व फ्रेम पूर्ण आहेत.' फाइल उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. दुसऱ्यांदा रेंडर करायचे पैसेही माझ्याच खिशातून गेले. आजही आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा मल्टिलेयर ईएक्सआरच घ्या. नॉर्मलला हाफ फ्लोट (१६ बिटचे दशांश आकडे) पुरतं, डेप्थला (कॅमेऱ्यापासूनचं अंतर सांगणारा पास) फुल, म्हणजे ३२ बिट, ठेवा. पीएनजीशिवाय इलाजच नसेल तर सेव्ह करण्याआधी ०.५ ने गुणून ०.५ मिळवा, 'सेव्ह अॅज रेंडर' बंद करा आणि सेव्ह करताना व परत आत घेताना, दोन्हीकडे कलर स्पेस 'नॉन-कलर' निवडा.

नुसत्या डेप्थवर काम भागतं असं बरेच जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. दोन भिंती मिळतात तिथे अंतर तुटत नाही, फक्त उतार बदलतो. बाह्यरेषेला डेप्थ, कोपऱ्यांना नॉर्मल, आणि एकाच पातळीतल्या दोन वस्तूंना ऑब्जेक्ट इंडेक्स (वस्तूला दिलेला क्रमांक सांगणारा पास), असं मी वापरतो. मी प्रोग्रामर नाही आणि हे सगळं सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमधल्या अनुभवावरून सांगतोय, तेवढं धरून चाला.

जाता जाता, रेघेची जाडी अंतिम रिझोल्यूशनवरच ठरवा. सोबेल ३×३ पिक्सेलच बघतं, त्यामुळे छोट्या प्रिव्ह्यूत ठसठशीत दिसलेली रेघ ४के फ्रेममध्ये केसाएवढी होते.

आज एवढंच करा: पुढच्या भिंतीवरच्या एका पिक्सेलचे आकडे इमेज एडिटरमध्ये बघा. तिन्ही शून्य असतील तर नोडना हात लावू नका, पास पुन्हा काढा.