लाकूड उशिरा आले आणि पाऊस तोंडावर आहे, तर छपराचा सांगाडा चढवावा का?

आपण विचारले आहे की, गुहागरजवळ स्वतः उभे राहून बांधत असलेल्या घराच्या जांभ्याच्या भिंती होत आल्या आहेत, छपराचे लाकूड मात्र दीड महिना उशिरा, मेच्या मध्यावर येणार आहे. अशा वेळी घाई करून पावसाआधी कौले चढवावीत की काम थांबवावे? माझ्या मते थांबवावे. मात्र कोणत्या टप्प्यावर थांबायचे ते आजच ठरवावे आणि हाती उरलेले दिवस त्या टप्प्यासाठीच वापरावेत.

संगमेश्वर तालुक्यातील आमचे घर 2025 च्या उन्हाळ्यात नेमके याच अवस्थेत होते. मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सवड आहे असे मी धरून चाललो होतो. मार्चमध्ये लाकूड देण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याने ते मेच्या सुरुवातीला पाठवले आणि तेही ओले. त्या वर्षी मोसमी पाऊस 25 मे रोजी दक्षिण कोकणात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे. आमचे आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) बसले होते, त्यावरून भिंतींकडे उतरणारे वासे निम्मे चढले होते, कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या रिपांना हात लागलेला नव्हता. वर बांधलेल्या ताडपत्रीत वारा भरून ती वाशांना हिसके देत राहिली आणि पावसाळा संपल्यावर पाहिले, तर कित्येक वासे पिळवटले होते व सांधे सैल पडले होते. ते सर्व उतरवून पुन्हा बसवण्यात जेवढे दिवस गेले, तेवढ्यात नवे छप्पर उभे राहिले असते.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत आणि जाडीत आकसते. त्यामुळे ओले असताना घट्ट बसलेले कुसू (सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे टोक) वाळल्यावर खाचेत हलू लागते. पत्र्याच्या छपराला हे काही प्रमाणात चालून जाते. मंगलोरी कौलांना चालत नाही, कारण वासा पिळला की रिपांची ओळ वर-खाली होते, कौल कौलात नीट अडकत नाही आणि झडीचे पाणी तेथूनच आत येते.

थांबण्याची योग्य जागा म्हणजे भिंतींच्या माथ्यावरील काँक्रीटचा पट्टा. तो भिंतींना एकत्र बांधतो आणि खालच्या सांध्यांमधला चुना-सिमेंट धुपू देत नाही. पट्टा ओततानाच छपराची तुळई अडकवण्यासाठी बोल्ट सोडावेत, त्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांत किती छपरे उचलून नेली हे आपण जाणताच; छप्पर केवळ स्वतःच्या वजनावर भिंतीवर ठेवू नये. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला 10 दिवस पाणी मारावे लागते, म्हणून ही ओतणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वळवाची सर आली तर वरचे सिमेंट वाहून जाते. त्यामुळे प्लास्टिकचा कागद आधीच हाताशी ठेवावा. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती मात्र आता चढवू नयेत. छपराचा आधार नसलेली उंच भिंत वाऱ्यापुढे सर्वांत दुबळी असते.

आत साचणाऱ्या पाण्याला दाराच्या उंबऱ्याच्या जागेतून वाट ठेवावी. जोत्यातील भराव एका पावसाळ्यात चांगला बसतो, आणि पुढे फरशी खचण्याची भीती कमी होते. विलंबाचा हा एक खरा लाभ आहे.

लाकूड आले की ते लगेच न वापरता सावलीत रचावे. खाली हातभर उंच चिरे, प्रत्येक थरामध्ये आडव्या पट्ट्या, वर पत्रा आणि बाजू पूर्ण मोकळ्या. बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर लाकूड वाळण्याऐवजी बुरसते. वाळवीचे औषध रचण्याआधीच लावावे. ऐन किंवा किंजळ आपल्याच जमिनीतील असेल, तर तोडीची वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना हातात आल्याशिवाय सुताराला दिवस देऊ नये.

उरलेल्या सिमेंटच्या पोत्यांची बेगमी करू नका; कोकणातील दमट हवेत ती पावसाळाभर टिकत नाहीत. चिऱ्याचे तसे नाही. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि उघड्या हवेत कडक होत जातो, शिवाय पावसात खाणी बंद पडतात. त्यामुळे त्रिकोणी भिंतींचा चिरा आताच आणून ठेवावा. कौलेही एकाच कारखान्याची, एकाच खेपेत घ्यावीत आणि प्रत्यक्ष कौल हातात आल्यावरच रिपांचे अंतर ठरवावे. सुताराला मात्र आजच विसार द्यावा, कारण पाऊस उघडला की साऱ्या पंचक्रोशीची रखडलेली कामे एकदम सुरू होतात आणि दसऱ्यानंतर चांगला सुतार मिळत नाही.