अख्खी भाकरी एकटीच्या ताटात

पत्र (थोडं आटोपतं करून): "काकू, मी २९ वर्षांची. सोलापुरात गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी पंढरपूरहून निघायला उशीर झाला, म्हणून मीच फोन करून दादाला गाडी घेऊन बोलावलं. येताना मोहोळच्या पुढं ट्रकनं मागून उडवलं. मी वाचले, दादा जागेवरच गेला. ट्रकच्या ब्रेकचा फुस्स आवाज आला की अजून हातपाय गार पडतात. झोप नाही. हायवे टाळून गल्लीबोळातून कामावर जाते. आई गप्प असते. डॉक्टर म्हणाले, सीबीटी घे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा, बोलून करायचा मानसोपचार. आत्या म्हणते, बोलून काय तो परत येणार आहे?"

लेकी,

नाही येणार. आत्याचं तेवढं खरं आहे. पण "मी बोलावलं म्हणून तो गेला" हे वाक्य तुझ्या मूळ पत्रात तीनदा आलंय, आणि मला काळजी त्याची वाटते.

१९६०च्या दशकात ॲरन बेक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांना नैराश्याच्या रुग्णांमध्ये दिसलं, की काही वाक्यं मनात आपोआप उमटतात आणि माणूस ती न तपासता खरी धरून बसतो. त्यातून सीबीटी उभी राहिली. पुढं अपघात, अत्याचार सोसलेल्यांसाठीही ती वापरली जाऊ लागली.

तिथं नेमकं काय करतात, ते एका उदाहरणानं सांगते. कागदावर एक गोल काढायचा. तू भाकरी समज. त्या रात्रीला कोण कोण जबाबदार होतं? ट्रकवाला, त्याचा वेग, अंधार, आणखी जे सुचेल ते. एकेकाचा तुकडा पाडत जायचं, तुझा सगळ्यात शेवटी. आज तू अख्खी भाकरी एकटीच्या ताटात घेऊन बसली आहेस. "तुझी चूक नाही गं" असं लोकांनी तुला शंभरदा सांगितलं असेल, उपयोग झाला नाही. इथं तुलाच विचारतात: फोन केलास तेव्हा तुला काय माहीत होतं? उशीर झालाय आणि दादा नक्की येईल, एवढंच ना? ट्रकचं तुला नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टीवरून तू त्या फोनचा न्याय करतेयस.

दुसरा भाग रस्त्याचा. गल्लीत वळलीस की हायसं वाटतं, आणि मन शिकतं, 'हायवेला गेले नाही म्हणून वाचले.' भीती अशी रोज पोसली जाते. उपचारात पायऱ्या पाडतात. आधी खोलीत बसून मोबाइलवर ट्रकचा आवाज. मग कुणाला तरी सोबत घेऊन दिवसाउजेडी हायवेच्या कडेला उभं राहायचं. छाती धडधडते, थांबावंसं वाटत नाही, तरी थांबायचं. पळून न जाताही धडधड ओसरते, हे शरीराला स्वतः कळावं लागतं. माझं वाचून एकटीनं एकदम हे करायला जाऊ नकोस, तज्ज्ञासोबतच कर.

साधारण आठवड्याला एक अशा ८ ते १६ बैठका लागतात, घरी करायचा अभ्यासही असतो. सुरुवातीला आठवणी जास्त उसळू शकतात. बरेच जण तिथंच सोडून देतात. तू सोडू नकोस, त्रास वाढला तर तसं सांग, वेग कमी करता येतो. झोपेसाठी गोळ्या लागतील का, ते डॉक्टर ठरवतील.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण पगार मोजून मापून असणार. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथं सीबीटीची चौकशी कर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून चालतो. आणि एक सरळच विचारते: जीव नकोसा होतो का? होत असेल तर उद्यावर टाकू नकोस, आजच तिथं फोन कर आणि घरात एकाला तरी सांग.

पहिल्या भेटीला आईला सोबत ने. दोन वर्षं ती गप्प आहे. तिच्या ताटात काय आहे, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

— काकू