दार अडवा, पण घड्याळ बघून

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. सिंगापूरच्या चिनी मैत्रिणीने करवली म्हणून बोलावलंय, मँडरिनचं एक अक्षर येत नाही, साडी चालेल का, पाकिटात किती घालायचे, असं विचारलंय तुम्ही. सात वर्षांपूर्वी मी हेच प्रश्न घेऊन फिरत होते. उत्तरं मिळाली, पण जे विचारायला हवं होतं तेच नेमकं राहिलं.

आधीच सांगते, माझा अनुभव एका घरचा. तिकडच्या चिन्यांत बोलीवरून पोटजमाती आहेत, त्यात मैत्रीण तेओच्यू, तिचा नवरा हॉकियन. कँटोनीज म्हणजे तिसऱ्याच बोलीच्या घरात रीती वेगळ्या निघतील, आणि हल्ली बरीच जोडपी निम्म्या रीती गाळतात. तेव्हा माझं ऐका, पण शेवटचा शब्द तिच्या आईचा.

सकाळी नवरा मित्रांना घेऊन नवरीला न्यायला येतो आणि आपण दार अडवायचं, एवढं तुम्हाला माहीत असेलच. त्यांना खेळ लावायचे, आंबट-गोड-कडू-तिखट खायला घालायचं, आणि मनासारखा अंगपाओ, म्हणजे लाल पाकीट, हातात पडल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. आकडा बहुतेक नऊ-नऊचा मागतात, कारण 'नऊ' आणि 'चिरकाळ' या शब्दांचा उच्चार सारखा. हे ऐकून मला वाटलं, ही तर आपली कानपिळी! जोडे लपवण्यात मी आमच्या खानदानात एक नंबर. त्यामुळे बोलणी करायचं काम आपणहून अंगावर घेतलं. तिथेच माती खाल्ली.

मैत्रिणीचं माहेर म्हणजे सिंगापुरातल्या तोआ पायोह या वस्तीतला अकरावा मजला. तिकडे लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचं दार असतं, त्या जाळीतून आमची घासाघीस. लिंबाच्या फोडी झाल्या, कारल्याचा रस झाला, वसाबी, म्हणजे नाकात झणझणणारी जपानी चटणी, लावलेली बिस्किटं झाली, दंडबैठका झाल्या. पहिलं पाकीट आलं ८८ डॉलरचं. परत. दुसरं १८८. तेही परत. मला ९९९च हवे होते. आतून मैत्रिणीची आई तेओच्यूत काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, मला चढवतायत. मी आणखी जोरात. शेवटी त्यांनी येऊन माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

नऊला सहा कमी होते. तिकडेही पंचांग असतं, तोंगशू म्हणतात, आणि त्यात बघून नवरीने निघायची वेळ काढलेली होती ७ ते ९. जुन्या चिनी गणनेत दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा, म्हणून वेळ अशी दोन तासांची. नऊच्या आत तिने उंबरठा ओलांडायचा होता. मी कुलूप काढलं खरं, पण मग फुलं देणं, फोटो, वडिलांनी चेहऱ्यावर जाळी ओढणं, लाल छत्री उघडणं. ती बाहेर पडली नऊ वाजून बारा मिनिटांनी.

कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आईंनी दिवसभर माझ्या हातून पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही. पुढे दोनेक वर्षांनी जावयाची नोकरी गेली तेव्हा घरात त्या बारा मिनिटांची आठवण निघाली म्हणे. मैत्रिणीने हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

मला ते इतकं हलकं का वाटलं, तर आपल्याकडची सवय. फोटोवाला 'ताई, एकच' म्हणत राहतो, भटजींचं सहावं मंगलाष्टक सुरू असतं, पत्रिकेतली वेळ कधीच टळलेली असते, तरी अक्षता पडतात आणि मंडळी पंगतीकडे पळतात. तिकडेही तसंच असेल असं मी धरून चालले.

तर मुहूर्ताचा कागद मैत्रिणीकडून आजच मागून घ्या. निघायची वेळ, नवऱ्याच्या घरात शिरायची वेळ, चहाची वेळ, सगळं त्यावर असतं. दारातला खेळ अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका आणि रक्कम नवऱ्याच्या खास मित्राशी आदल्या रात्रीच ठरवून टाका. मजा जाईल असं कोणी म्हणेल. जाऊ दे. जाळीतून ओरडायची मजा तशीही येतेच. आणि वसाबी कमी ठेवा, त्या पोरांना दिवसभर उभं राहायचंय. (हे माझं मत, बाकीच्या करवल्या तुम्हाला शिव्या घालतील.)

चहाच्या विधीत आपलं काम मागे उभं राहायचं. वाळवलेली लाल बोरं आणि लाँगन (लिचीसारखं फळ) घातलेला गोड चहा नवरा-नवरी मोठ्यांना मानाच्या क्रमाने दोन्ही हातांनी देतात. कप अर्धाच भरा आणि फार कढत नको, म्हातारी माणसं घोटभरच घेतात. बदल्यात पाकिटं आणि दागिने मिळतात, ते सांभाळायला मोठी पर्स आणि कोणी काय दिलं ते लिहायला वही ठेवा. आमच्याकडे सासूबाईंनी चार सोन्याच्या वस्तू घातल्या, साखळी, पदक, कानातलं आणि बांगडी, ही तेओच्यूंची रीत. मामा, मावशी, आत्या यांना त्यांच्याकडेही वेगवेगळे शब्द, त्यामुळे 'अंकल-आंटी'वाल्या इतर मैत्रिणींपेक्षा मला नाती लवकर कळली. फक्त बापाचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळे शब्द आहेत, तिथे मी दोनदा अडखळले.

पाकिटाबद्दल. आपल्यासारखं वर एक लावू नका! मी सवयीने दोनशेवर डॉलरचं नाणं घातलं होतं. संध्याकाळी आहेराच्या टेबलावर बसलेल्या, मैत्रिणीच्या चुलतबहिणीने नाणं हळूच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. दारातल्या नऊ-नऊच्या आकड्याचं सोडा, पण लग्नाच्या आहेराची रक्कम सम हवी, विषम मयताला देतात. चारचा आकडा नको, पांढरं पाकीट तर नकोच नको. किती घालायचे ते हॉटेलवर ठरतं, तिच्याच एखाद्या मैत्रिणीला विचारा, लाजू नका.

तुम्ही शाकाहारी असाल तर पोटाची सोय स्वतः करा. ज्या हॉटेलात जेवण होतं त्यांच्या मेजवानीच्या ऑफिसला मी तीन ईमेल केले, तिन्हीला 'नोंद घेतली' असं उत्तर. ताटात काय आलं, तर ऑयस्टर सॉसमधले, म्हणजे कालवांच्या सॉसमधले मशरूम. तक्रार केली तर बाई म्हणतात, 'मशरूम शाकाहारीच आहेत.' त्या रात्री पर्समधल्या दोन चिक्क्यांवर मी तीन वेळा 'याम सेंग' ओरडले, म्हणजे पेले उंचावून सगळ्यांनी मिळून द्यायची ती आरोळी. तो 'याम' दमसास संपेपर्यंत ओढायचा असतो, उपाशीपोटी चक्कर येते.

साडी सकाळी नको, धावपळीत निऱ्या सुटतील. रात्री खुशाल नेसा, पण लाल नवरीचा, आणि काळी-पांढरी अजिबात नाही. मी मोरपिशी पैठणी नेसले होते. मैत्रिणीच्या आईंनी पदरावरचा मोर बोटाने चाचपून पाहिला. दिवसभरात माझ्याजवळ त्या तेवढ्याच आल्या.

मुहूर्ताचा कागद हाती आला की वेळा इथे लिहा. दारातल्या खेळापासून लिफ्टपर्यंतचा हिशेब उलटा मांडून देते.